सहलीतला तो दीड तास कापू नका



गेल्या अंकाच्या शेवटच्या पानावर वार्षिक सहलीची सूचना आली होती. झेरॉक्समध्ये तिची शेवटची ओळ जरा पुसट आली आहे, त्यामुळे बऱ्याच जणांच्या नजरेतून ती सुटली असणार. ऑक्टोबरातल्या लाँग वीकएंडला आपण नेहमीप्रमाणे स्ट्रॅडीला, म्हणजे नॉर्थ स्ट्रॅडब्रोक बेटावर, जाणार आहोत. क्लीव्हलँडहून सकाळची बोट, वर नाश्ता, दुपारचं जेवण, मुलांसाठी सर्फिंगचे धडे, मोठ्यांसाठी कयाक आणि वाळूच्या टेकडीवरून फळीवर बसून घसरणं, असा भरगच्च कार्यक्रम आहे. आणि त्या पुसट ओळीत असं लिहिलं आहे की, खर्च आटोक्यात राहावा म्हणून मूळ रहिवाशांच्या वाटाड्याबरोबरची दीड तासाची फेरी यंदा रद्द केली आहे.

ह्या एका ओळीबद्दल मला चार शब्द लिहायचे आहेत. कार्यकारिणीवर माझा राग नाही, हे आधीच सांगतो. साठ माणसांची सहल काढणं म्हणजे काय असतं ते मी स्वतः दोन वर्षं चिटणीस असताना अनुभवलं आहे. आदल्या रात्री बाराला फोन करून "आमचे पाहुणे आलेत, अजून चार तिकिटं होतील का?" असं विचारणारे सभासदही मी पाहिले आहेत. काटकसर करावीच लागते. पण ती कुठे करायची आणि कुठे नाही, हा प्रश्न आहे.

आता थोडी कबुली देतो. मी ब्रिस्बेनला आलो त्याला बरीच वर्षं झाली, आणि त्यातली पहिली चौदा वर्षं मीही स्ट्रॅडीला जाऊन फक्त पोहे खाऊन आलो. बोटीतून उतरायचं, सिलिंडर बीचच्या मागच्या हिरवळीवर चादरी पसरायच्या, क्रिकेट, अंताक्षरी, लाडू, चहाचा थर्मास. दुपारी पॉइंट लुकआउटच्या घळीकडची लाकडी पायवाट चालायची, नशीब असेल तर देवमाशाचं शेपूट दिसायचं, फोटो काढायचे आणि शेवटच्या बोटीने परत. ज्या बेटावर आपण दिवस घालवला त्याचं खरं नाव काय, तिथे कोण राहतं, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. हिरवळ स्वच्छ होती, संडास जवळ होते, मला तेवढं पुरलं.

दोन वर्षांपूर्वी तत्कालीन अध्यक्षांच्या आग्रहामुळे पहिल्यांदा ती फेरी कार्यक्रमात आली. मी कुरकुरतच गेलो. परत आलो तो थोडा वेगळा होऊन. म्हणून हा लेखनप्रपंच.

त्या बेटाचं मूळ नाव मिन्जेरिबा. क्वान्डामूका लोकांचं ते घर. त्यांच्या संस्थेच्या नावात 'यूलूबुरबी' असा शब्द आहे, त्याचा अर्थ वाळू आणि समुद्राची माणसं. सुमारे २७५ चौरस किलोमीटरचं हे बेट जवळजवळ सगळंच वाळूचं आहे. जगातल्या वाळूच्या बेटांत त्याचा दुसरा क्रमांक लागतो. पहिला क्रमांक क'गारीचा, म्हणजे आपण ज्याला फ्रेझर आयलंड म्हणत होतो त्याचा, आणि त्याचंही जुनं नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे परत आलं. मिन्जेरिबावर वॉलन वॉलन ओढ्याकाठी झालेल्या उत्खननात वीस हजार वर्षांहून जुन्या वस्तीच्या खुणा सापडल्या. तेव्हा समुद्राची पातळी खाली होती आणि हे बेट बेट नव्हतंच, मुख्य भूमीला जोडलेलं होतं. पाणी चढत आलेलं ह्या लोकांच्या पूर्वजांनी पाहिलं आहे.

ॲमिटी पॉइंटला, ज्याचं नाव पूलान पूलान, हे लोक डॉल्फिनच्या मदतीने मासेमारी करत. किनाऱ्यावरून भाल्यांनी पाण्यावर आपटून खूण करायची, डॉल्फिन मुलेट माशांचे थवे किनाऱ्याकडे रेटत आणायचे, माणसं जाळी घेऊन तयार, आणि डॉल्फिनांनाही त्यांचा वाटा मिळायचा. एकोणिसाव्या शतकात आलेल्या गोऱ्यांनी हे डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलं आहे. वाटाड्याने हे सांगितलं तेव्हा मला आमच्या गावची रापण आठवली. मी मालवणजवळच्या देवबागचा. रापण ओढायला सगळा वाडा लोटतो, आणि मासळीचे वाटे पडतात त्यात दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो. हजारो मैलांवर तोच हिशेब ऐकून मी गप्प झालो.

१८२३ साली वादळात भरकटलेले तीन गोरे ह्या उपसागरातल्या बेटांवर येऊन पडले. इथल्या लोकांनी त्यांना आसरा दिला, मासे खाऊ घातले. पुढे काय झालं? डनविचला, ज्याचं नाव गुंपी, सरकारने १८६० च्या दशकात क्वीन्सलँडभरच्या म्हाताऱ्या, गरीब, आजारी माणसांसाठी एक मोठा आश्रम काढला. तो १९४६ पर्यंत चालला. त्यात राबायला होते हेच स्थानिक लोक, गोऱ्यांपेक्षा कितीतरी कमी मजुरीवर. पंचवीस वर्षं झगडून १९४४ साली त्यांनी समान वेतन मिळवलं. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या इतिहासात हा फार लवकरचा विजय मानला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर बेटावर वाळूचं खाणकाम सुरू झालं. रुटाइल, झिरकॉन अशी खनिजं काढण्यासाठी टेकड्याच्या टेकड्या उकरल्या गेल्या. ते काम २०१९ च्या अखेरीस थांबलं. मधे २०११ च्या ४ जुलैला फेडरल कोर्टाने त्यांचा भूमिहक्क मान्य केला, आणि आज तिथलं राष्ट्रीय उद्यान हे लोक आणि राज्य सरकार मिळून सांभाळतात. म्हणजे मंडळी, आपण ज्या हिरवळीवर बसून अंताक्षरी खेळतो तिच्या आसपासचा इतिहास एवढा आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या डोळ्यांदेखत घडलेला आहे. मी त्यावेळी ब्रिस्बेनमध्येच होतो. मला पत्ता नव्हता.

ह्याच बेटावरची एक बाई आपल्या मुलामुलींना माहीत असायला हवी. ऊजरू नूनुकल, आधीचं नाव कॅथ वॉकर. जन्म १९२०. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि ब्रिस्बेनमध्ये लोकांच्या घरी धुणीभांडी करायला लागली. १९४२ साली सैन्याच्या महिला दलात गेली. १९६४ मध्ये तिचा कवितासंग्रह निघाला. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवासी माणसाचा छापलेला तो पहिला कवितासंग्रह. १९६७ च्या सार्वमतासाठी ती देशभर फिरली. राणीकडून मिळालेला एम.बी.ई. किताब तिने १९८७ मध्ये परत केला, कारण पुढच्या वर्षी गोऱ्यांच्या आगमनाच्या दोनशे वर्षांचा जल्लोष होणार होता आणि तिला त्यात आनंदाचं काही दिसत नव्हतं. सत्तरच्या दशकापासून मिन्जेरिबावर मूंगाल्बा ह्या ठिकाणी तिने हजारो मुलांना, काळ्या-गोऱ्या सगळ्याच, झाडांखाली बसवून शिकवलं. १९९३ मध्ये ती गेली आणि तिथेच तिला पुरलं. आपण आपल्या मुलांना सावित्रीबाईंची गोष्ट दर जानेवारीत सांगतो. ह्या देशात वाढणाऱ्या मुलांना ऊजरूबाईंचीही सांगायला काय हरकत आहे?

आता आक्षेपांकडे वळतो. मला फोनवर चौघांनी चार सांगितले.

पहिला, मुलं कंटाळतात. काही कंटाळली, खरं आहे. पण एक प्रसंग सांगतो. वाटाड्याने मुलांना गोल बसवून विचारलं, तुमच्या आजीच्या भाषेत पाण्याला काय म्हणतात? आपली मुलं एकमेकांकडे बघत राहिली. रविवारच्या मराठी वर्गात ज्यांना ओढून आणावं लागतं तीच ही मुलं. शेवटी एकजण हळूच म्हणाला, "पाणी." मग एकदम सगळी बोलू लागली, पाणी, वाळू, मासा, समुद्र. वाटाड्याने त्याच्या भाषेतले शब्द सांगितले, मुलांनी ते म्हटले. त्या भाषेचं नाव जंदाई. मग तो म्हणाला की त्याच्या आजीला लहानपणी ही भाषा बोलायची चोरी होती. आज ज्या वडीलधाऱ्यांना जे शब्द आठवत होते ते गोळा करून त्यांनी शब्दकोश केला आहे. तो २०११ मध्ये निघाला. परतीच्या बोटीत माझ्या नातवाने मला विचारलं, "आजोबा, आपली भाषा कुणी बंद केली नाही, मग मला ती का येत नाही?" मला उत्तर देता आलं नाही. मराठी वर्गासाठी आपण इतकी वर्षं पत्रकं काढतो, पण असा प्रश्न त्या वर्गात कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

दुसरा आक्षेप, पैसे कशाला द्यायचे, रस्त्यावर पाट्या लावलेल्या असतात त्या वाचता येतात. येतात की. भीमसेनांची कॅसेट घरी असताना आपण मैफिलीचं तिकीट काढत होतोच ना? शिवाय हे पैसे कुठे जातात ते बघा. कयाकला, सर्फिंगला आपण मुकाट्याने पैसे देतो. ज्याचं बेट आहे त्याला दीड तासाचे पैसे देताना मात्र आपल्याला काटकसर आठवते.

तिसरा आक्षेप जरा गंभीर आहे. एक सभासद म्हणाले, "पर्यटकांसाठी मांडलेली संस्कृती ही काही खरी संस्कृती नव्हे, तो शेवटी खेळच." ह्यात तथ्य असू शकतं. पण हे ठरवायचं कुणी? माझ्या गावचं सांगतो. देवबाग म्हणजे वाळूची चिंचोळी पट्टी, एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. खाडीच्या मुखाशी वाळूचा एक उंचवटा आहे. पर्यटकांसाठी त्याचं नाव 'सुनामी आयलंड' पडलं, आणि आता तिथे बनाना राइड, पाण्यावरच्या स्कूटर, काय नाही ते आहे. माझ्या चुलतभावाची होडी त्यावरच चालते, त्यामुळे मी त्याला नावं ठेवणार नाही. पण मागच्या खेपेला गेलो तेव्हा तो म्हणाला, "दादा, दिवसाला दोनशे माणसं येतात. गावाचं नाव विचारणारा महिन्याकाठी एखादा." ते ऐकून मला राग आला होता, शहरातल्या त्या लोकांचा. नंतर लक्षात आलं की स्ट्रॅडीवर चौदा वर्षं मी तोच माणूस होतो.

चौथा आक्षेप असा: त्यांची जमीन आपण घेतली नाही, ज्यांनी घेतली त्यांनी बघावं, आपण कशाला अपराधी वाटून घ्यायचं? अपराधी वाटून घ्या असं मी म्हणतच नाही. पण एवढं ध्यानात घ्या की गोऱ्यांखेरीज इतरांना दार बंद ठेवणारं ह्या देशाचं धोरण १९६६ पासून सैल होत गेलं आणि १९७३ मध्ये संपलं. त्याआधी आपल्यासारख्यांना इथे घर घेऊन राहणं कठीण होतं. ज्या वर्षांत आपल्यासाठी दार किलकिलं झालं, त्याच वर्षांत ऊजरूबाईंसारखी माणसं स्वतःच्याच देशात माणूस म्हणून मोजलं जावं ह्यासाठी सभा घेत होती. आपण ह्या देशाचे नागरिक झालो, त्याचे फायदे घेतले. मग त्याच्या घरच्या माणसांची ओळख करून घेणं हा साधा रीतीचा भाग झाला. नव्या वाड्यात राहायला गेलं की आपण शेजाऱ्यांकडे साखर घेऊन जातो, तसंच.

रीतीवरून आणखी एक. बेटावर दोन प्रसिद्ध तळी आहेत. बम्मिएरा, म्हणजे ब्राउन लेक, तिथे पोहता येतं. पाणी चहासारखं तांबूस असतं, ते झाडपाल्यामुळे. दुसरं कबूरा, म्हणजे ब्लू लेक. ते क्वान्डामूका लोकांना फार महत्त्वाचं आहे आणि तिथे पोहू नका अशी त्यांची विनंती आहे. एका सहलीत आपल्यातल्या काहींनी कबूरात यथेच्छ डुंबून घेतलं. विनंतीच आहे, कायदा थोडाच आहे, असं वर म्हणालेही. कोकणातल्या देवराईत आपण वाळकी काटकीसुद्धा उचलत नाही, तिथे कुठे पोलीस उभा असतो? फेरीत वाटाडा बरोबर असता तर हे झालं नसतं, आणि नुसत्या पाटीने ते थांबलं नाही, हे दुसऱ्या आक्षेपाचंही उत्तर आहे.

आता पाण्याच्या खेळांबद्दल. माझा लेख वाचून कुणी म्हणेल, म्हाताऱ्याला मुलांची मजा बघवत नाही. तसं नाही. सर्फिंगचे धडे ठेवलेत ही फार चांगली गोष्ट आहे, कारण आपल्यातल्या निम्म्या मोठ्या माणसांना पोहता येत नाही आणि तरीही "कंबरभर पाण्यात काय होतंय" म्हणत सगळे आत शिरतात. गेल्या सहलीत मेन बीचवर काय झालं ते जे तिथे होते त्यांना माहीत आहे. झेंड्यांच्या मधे गर्दी होती म्हणून आपले चौघे शंभर पावलं पलीकडे, पाणी शांत दिसत होतं तिथे उतरले. नेमकी तिथेच लाटांबरोबर आलेलं पाणी परत समुद्रात ओढलं जात होतं. म्हणूनच तिथे लाटा फुटत नव्हत्या आणि पाणी शांत, गडद दिसत होतं. तिघे कसेबसे बाहेर आले, चौथ्याला जीवरक्षकाने फळीवर घालून आणलं. संध्याकाळच्या बोटीत आपण कुणी गाणी म्हटली नाहीत. आणि नंतरच्या अंकात सहलीचं वर्णन आलं त्यात हा प्रसंग नव्हता. माझ्या मते तो यायला हवा होता. २०२४ च्या जानेवारीत व्हिक्टोरियातल्या फिलिप आयलंडवर, जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर, आपल्याच देशाकडची चार माणसं बुडून गेली. त्यातली एक बाई तर भारतातून पाहुणी म्हणून आलेली होती. आपलं नशीब चांगलं होतं, एवढाच फरक.

वाटाड्याने त्या फेरीत पहिली पंधरा मिनिटं आम्हाला वर कड्यावर उभं करून फक्त समुद्र बघायला लावला होता. कुठे लाट फुटते, कुठे फुटत नाही, वाळूचा बांध कुठे आहे, पाणी कुठून परत जातं. त्याच्या घरी मुलांना आधी हे शिकवतात, पाण्यात पाय नंतर, असं तो म्हणाला. ते मला तेव्हा रटाळ वाटलं होतं. गेल्या सहलीत ते चौघे त्या फेरीला आले नव्हते; ते लवकर जागा धरायला किनाऱ्यावर गेले होते. त्यांना दोष देत नाही, आमच्या घरच्या चादरीही त्यांनीच पसरल्या होत्या. पण कार्यकारिणीने जो भाग अनावश्यक म्हणून कापला आहे, त्यात हेही होतं, एवढं सर्वांनी लक्षात घ्यावं.

तेव्हा माझ्या सूचना अशा.

एक, ती फेरी परत कार्यक्रमात घ्यावी, आणि सकाळी सर्वात आधी, पाण्याच्या खेळांच्या आधी ठेवावी. सर्वांनी यायचं, स्वयंसेवकांनीही. चादरी नंतर पसरता येतील.

दोन, खर्च वाढतो तो मान्य. जेवणातली दोन पक्वान्नं कमी करू. नुसता श्रीखंड-पुरीचा बेतही कुणाला कमी पडणार नाही. विद्यार्थी आणि नव्याने आलेल्या कुटुंबांचा फेरीचा खर्च आमच्यासारख्या निवृत्तांनी उचलावा. माझं नाव यादीत पहिलं घाला.

तीन, झेंड्यांच्या बाहेर मंडळाचा एकही माणूस पाण्यात जाणार नाही, हा नियम अर्जावरच छापावा. साडी, सलवार, जीन्स घालून खोल पाण्यात जायचं नाही. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झटू नका, दमून जाल. तरंगत राहा, हात वर करा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत लाटा फुटतात तिकडे या. हे बोटीत मराठीतून सांगावं, म्हणजे भारतातून आलेल्या आई-वडिलांनाही कळेल.

चार, कबूराला जायचं, काठावर शांत बसायचं, परत यायचं. शंख-शिंपल्यांचे जुने ढीग दिसतील त्यातलं काही उचलायचं नाही. ते पूर्वीच्या माणसांच्या जेवणाचे अवशेष आहेत.

पुढच्या महिन्याच्या सभेत हा विषय घ्यावा अशी कार्यकारिणीला विनंती. मी येईनच. ज्यांना माझं म्हणणं पटत नाही त्यांनी जरूर यावं आणि बोलावं. शेवटी सभेत जे ठरेल ते मला मान्य असेल. फेरी नाही झाली तर मी आणि नातू वेगळे पैसे भरून करू. पण मग बाकीची अठ्ठावन्न जण किनाऱ्यावर आमची वाट बघत बसतील, आणि तो मला मोठ्या आवाजात जंदाईतले शब्द म्हणून दाखवेल, ते मला फारसं बरं वाटणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुना सभासद